नववं पान

२ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

आजपासून रोजनिशी. रिटायर झाल्या दिवसापासूनच लिहिणार होतो, पण मधे आठ महिने कसे गेले कळलं नाही.

उद्या ही हॉस्पिटलात ॲडमिट होणार. दोन्ही गुडघे एकदम बदलायचे. डॉक्टर म्हणाले, दहा दिवस. म्हणजे दहा दिवस घर आणि टुकी माझ्याकडे. टुकी म्हणजे आमची मुलगी. तान्ही असताना सारखी टुकूटुकू बघत राहायची म्हणून टुकी. आता तेहेतीस वर्षांची आहे, नाव तेच राहिलं. एकोणिसाव्या वर्षी तिला तो प्रॉब्लेम सुरू झाला. आवाज ऐकू येतात, संशय येतो. औषधं चालू आहेत. चौदा वर्षं ही तिचं सगळं करते. मनापासून करते, त्याबद्दल वाद नाही. पण सिस्टिम नाही.

मी रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो. चारशे माणसं, सॉल्व्हंटच्या टाक्या, आणि माझ्या काळात सलग ११०३ दिवस एकही अपघात नाही. गेटवर तसा बोर्ड होता. आकडा रोज मी स्वतः बदलायचो. एका मुलीला दहा दिवस सांभाळायचं म्हणजे काय मोठंसं!

संकल्प: ही परत येईल तेव्हा टुकी निम्मी सुधारलेली असेल. हिला आधी सांगायचं नाही. सरप्राइज.

ता. क. हिने एक वही लिहून दिली आहे. बावीस पानं, बारीक अक्षर. म्हणाली, नीट वाचा हं, पेपर वाचता तशी नको. म्हटलं, मी आयुष्यभर मॅन्युअल वाचत आलोय.

३ फेब्रुवारी, दुपारी

हिला सोडून आलो. दारातून दोनदा परत आत गेली. एकदा टुकीच्या गोळ्यांचा डबा बघायला, एकदा काहीच न बघायला. हिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मेहुणी, हॉस्पिटलात सोबत राहणार आहे.

वॉर्डात हिने माझं मनगट घट्ट धरलं. वाटलं, घाबरली असेल. धीर देणार होतो तोच म्हणाली, "नववं पान विसरू नका." म्हटलं, बावीस पानांत नववं येतंच. तू तुझ्या गुडघ्यांचं बघ.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी

ऑपरेशन उत्तम झालं. मेहुणीचा फोन आला.

मी दूध घेऊन परत आलो तेव्हा टुकीने स्वतः दार उघडलं. म्हणाली, "या, बसा ना. आई बाहेर गेलीय, येईलच इतक्यात." शिष्टाचार अगदी उत्तम. निदान एवढं तरी माझ्याकडून घेतलंय. मी बसलो. तिने पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि समोर उभी राहिली. मी अर्धा प्यायलो. तिने तो ग्लास माझ्या हातातून घेतला आणि उरलेलं पाणी स्वतः पिऊन टाकलं. तहान लागली असणार.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नोंद सुरू केली. अपघात नसलेले दिवस: २.

५ फेब्रुवारी, सकाळी

वहीची सहा पानं वाचली. काय काय लिहिलंय! गोळी देताना पाठ फिरवून उभं राहायचं नाही. बाथरूममधला आरसा टॉवेलने झाकायचा, पण दुपारी काढायचा, कारण दुपारी तिला चालतो. खिडक्या बंद आहेत हे संध्याकाळी तिच्यासोबत फिरून दाखवायचं. हे औषध आहे की लाड?

आणि तो पाण्याचा प्रकार कालपासून बघून बघून आता लक्षात आला. टुकी कशालाही तोंड लावण्याआधी दुसऱ्याने पहिला घोट घ्यावा लागतो. पाणी, चहा, दूध, सगळ्याचा. म्हणजे ही चौदा वर्षं घोट घेत आलीय, आणि मला पत्ता नाही. टुकीला विचारलं, कशासाठी? ती म्हणाली, "बघायला." काय बघायला? "काही होतंय का ते."

म्हणजे आपणच संशयाला खतपाणी घालतोय. कारखान्यात मी नेहमी सांगायचो, धोका नसताना धोक्याचा बोर्ड लावलात तर माणसं खऱ्या बोर्डाकडे बघेनाशी होतात. उद्यापासून पहिला घोट बंद.

६ फेब्रुवारी, रात्री ८

बंद केला.

आधी टुकीला समोर बसवून चाळीस मिनिटं समजावलं. कागदावर आकृती काढली. तलाव, शुद्धीकरण, टाकी, पाइप, आपला नळ, आपला फिल्टर. बाण दाखवले. विषबाधेची शक्यता किती, तेही आकड्यात सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं. शेवटी "हो" म्हणाली. चौदा वर्षांचा प्रश्न चाळीस मिनिटांत! हिने कधी आकृती काढून बघितलीच नसणार.

ग्लास भरलेला तसाच राहिला. आत्ता तहान नसेल.

७ फेब्रुवारी, संध्याकाळी

पाण्याची मागणी नाही. चहाला नको म्हणाली. बिस्किटांचा नवा पुडा स्वतः फोडला आणि खोलीत घेऊन गेली. एक सफरचंद, न कापता. गोळ्याही हातात घेतल्या आणि आत जाऊन घेईन म्हणाली. बाजूला बसवून भरवायची गरज पडली नाही. स्वावलंबन!

दुपारभर झोपून होती. घर शांत. ही उगाच म्हणते की दिवसभर मागे लागते म्हणून.

वहीची आणखी दोन पानं वाचली. मग डोळा लागला.

८ फेब्रुवारी, संध्याकाळी ५

हॉस्पिटलात जाऊन आलो. टुकी दोन तास घरी एकटी राहिली. हिने असं कधी होऊ दिलं नसतं. मी होऊ दिलं आणि काहीही झालं नाही.

वॉर्डाच्या दारात तिथल्या सोशल वर्कर बाईंनी अडवलं. टुकीच्या तपासण्यांमुळे त्या हिला कितीतरी वर्षं ओळखतात. म्हणाल्या, जरा बोलायचं होतं. ही डॉक्टरांना सांगते की फार दुखतंय, अजून आठ दिवस ठेवून घ्या. पण फिजिओथेरपिस्ट म्हणतात, छान पावलं टाकते, मधे एकदा हसलीसुद्धा. काल हिने बाईंना हळूच विचारलं म्हणे, काहीही कारण लिहून मला इथे ठेवता येईल का?

मी थक्क झालो. माझी बायको खोटं बोलते?

बाईंनी विचारलं, "घरी त्यांच्याशिवाय मुलीचं करणारं कुणी आहे का?" म्हटलं, मी आहे ना. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाल्या, दर गुरुवारी पेशंटच्या घरच्यांची एक बैठक असते, तुम्ही याल का? म्हटलं, मार्गदर्शन करायला अवश्य येईन.

हिच्यापर्यंत जाताना कॉरिडॉरमध्ये भाषण तयार केलं. जबाबदारी, टीमवर्क, घराचं मनोबल. तीन मुद्दे.

ही झोपली होती. दुपारचे तीन वाजलेले. तोंड किंचित उघडं, दोन्ही हात चादरीबाहेर सैल पडलेले. नर्सच्या हातून बाजूला स्टीलचा ट्रे पडला, केवढा आवाज झाला, पण हिची पापणी हलली नाही. घरी ही टुकीच्या खोलीत झोपते, कॉट दाराला आडवी लावून. माझ्यानंतर निजते, माझ्याआधी उठते. तेव्हा हिला झोपलेली मी शेवटची कधी बघितली ते आठवेना.

तासभर स्टुलावर बसलो. भाषण पुढे ढकललं. हिच्या तब्येतीचा विचार करून.

८ फेब्रुवारी, रात्री ८

टुकीचे ओठ सुकलेत. क्रीम दिली. हवा कोरडी आहे सध्या.

भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटते आहे. मी सांगितलेल्याची मनाशी उजळणी करत असेल.

अपघात नसलेले दिवस: ६.

९ फेब्रुवारी

बाथरूममध्ये पडली. सकाळी सात.

आधी वाटलं घसरली. पण फरशी कोरडी होती. हाक मारली, डोळे अर्धे उघडले, नजर माझ्यावर नव्हती. जीभ लाकडासारखी.

एकतीस वर्षं लोकांना ड्रिल दिलं. अशा वेळी पहिलं काय करायचं ते एक अक्षर आठवलं नाही. जिन्यात जाऊन नुसता ओरडलो. समोरचा टेलर इंचपट्टी गळ्यातच ठेवून धावत आला. त्याने अँब्युलन्सला फोन केला. मी टुकीचं डोकं मांडीवर धरून बसलो होतो. तिला पाणी पाजायचा प्रयत्न केला. तिने तोंड घट्ट मिटलं. तेवढी शुद्ध होती.

९ फेब्रुवारी, दुपारी

तेच हॉस्पिटल. ही पाचव्या मजल्यावर, टुकी तिसऱ्या. सलाइन लावलंय. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नाही, किडनीवर ताण आलाय. तीन दिवसांच्या गोळ्याही पोटात गेलेल्या दिसत नाहीत. कोरड्या घशाने कशा गिळणार? शेवटचं पाणी कधी प्यायली, असं विचारलं. म्हटलं, माझ्या माहितीप्रमाणे मागणी नव्हती.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं नाही.

हिला कुणी सांगायचं? मेहुणीला म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, "नाही भावोजी. हे तुम्हीच सांगा."

१० फेब्रुवारी

कालचं आज लिहितोय.

सांगितलं. ही मेहुणीला म्हणाली, खुर्ची आण.

चाकाच्या खुर्चीतून खाली आली. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या. टुकीच्या कॉटला अगदी चिकटून बसली. नर्सकडून ग्लास मागितला. एक घोट घेतला, गिळला, तोंड उघडून दाखवलं, आणि ग्लास तसाच हातात धरून थांबली. टुकी हिच्या गळ्याकडे बघत राहिली. किती वेळ कोण जाणे. हिने घाई केली नाही, पी ना म्हणाली नाही. हात अवघडला तेव्हा दुसरा हात खाली धरला. मग टुकीने ग्लास घेतला आणि प्यायली. गटागटा, हनुवटीवरून ओघळलं सगळं. मग दुसरा ग्लास. पुन्हा घोट, पुन्हा थांबणं. मग तिसरा.

मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या खिशात नळाची ती आकृती होती.

ही रागावेल याची तयारी ठेवली होती. उत्तरंही होती. तिने फक्त विचारलं, "नववं पान वाचलं नाहीत ना?"

म्हटलं, आठव्यापर्यंत आलो होतो.

१२ फेब्रुवारी, सकाळी

वही पूर्ण वाचली. दोनदा.

पान नऊ: "पहिला घोट आपण घ्यायचा, रोज, प्रत्येक वेळी. समजावू नये. समजावलं की ती हो म्हणते, पण पाणी सोडते. मी दोनदा समजावून बघितलं. दोन्ही वेळा ॲडमिट करावं लागलं होतं."

दोन्ही वेळा मी कुठे होतो ते आठवून बघितलं. एकदा कारखान्यात ऑडिट होतं. दुसऱ्यांदा काय होतं ते आठवत नाही. काहीतरी नक्की असणार.

पान तेरा: "रविवारी संध्याकाळी तिला रडू येतं. कारण विचारू नये. शेजारी बसावं, भाजी निवडावी."

पान सतरा: "हे घरी असतील तर तिच्या खोलीचं दार लोटून घ्यावं. यांना त्रास झाला की आवाज चढतो, मग तिचे आवाज वाढतात. यांचा दोष नाही, दमून येतात."

रिटायर होऊन आठ महिने झाले. दमून येण्याचं आता काही कारण नाही. ही ते पान बदलायची विसरली असावी.

पान बावीस: वर लिहिलंय, "मी नसेन तेव्हा." खाली दोन रेघा मारल्यात. बाकी पान कोरं.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी

टुकीला उद्या सोडणार. हिलाही. मी टॅक्सी, व्हीलचेअर, दोघींच्या पिशव्या, सगळं ठरवून गेलो होतो. हिला सांगितलं, एकाच खेपेत होईल.

ही म्हणाली, "मी घरी नाही, धाकटीकडे जातेय. तिचं घर तळमजल्यावर आहे."

म्हटलं, चांगलंय, आठ दिवस जिने नकोतच.

"आठ दिवस नाही हो. किती ते मला माहीत नाही."

फिजिओथेरपिस्टने सांगितलेल्याची मी आठवण करून दिली. नव्वद अंशांपर्यंत गुडघा वाकतोय, आता काही अडचण नाही.

ती म्हणाली, "गुडघ्याचं नाही म्हणत मी. त्या घराकडे पाय उचलत नाही."

बाजूच्या कॉटवरचा रेडिओ चालू होता, म्हणून मला वाटलं नीट ऐकू आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. डॉक्टरांना दुखतंय म्हणाली ते खोटं होतं. दुखत होतं, पण सोसवेना असं नव्हतं. "मला झोप लागली हो इथे. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर सात तास झाले होते. मी नर्सला विचारलं, मला काही दिलं होतं का? ती म्हणाली, काही नाही. मग मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पोरगी घरी तहानेनं सुकत होती आणि मी इथे लोळत होते."

म्हटलं, तो तुझा दोष नाही, तो...

पुढचं वाक्य मला पूर्ण करता आलं नाही. तिने माझ्यासाठी केलंही नाही. आजवर करायची.

टुकीला काय सांगायचं, असं विचारलं. ती म्हणाली, खरं सांगा. आई दमलीय. मी रोज फोन करेन.

नवा संकल्प: हिची तब्येत सुधारेपर्यंत मी समर्थपणे घर सांभाळीन. फार तर दोन आठवडे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बैठकीला गेलो. टुकीला शेजारच्या खोलीत रंग आणि कागद देऊन बसवलं होतं. मी पंधरा मिनिटांचं टिपण नेलं होतं: घरातील सुरक्षितता, बारा नियम. नववा नियम मी स्वतः अनुभवातून घातला होता.

आठ-दहा माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या. अध्यक्ष कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. एक बँकेतल्या कॅशियर बाई होत्या. त्यांच्या भावाला टुकीसारखंच आहे. म्हणाल्या, स्कूटरवर असताना सिग्नल लाल झाला की मला बरं वाटतं, तेवढा वेळ कुणी काही मागत नाही. सगळे हसले. मग कुणीच हसेना.

माझी पाळी आली. टिपण काढलं. म्हटलं, मी इथे निरीक्षक म्हणून आलोय. सोशल वर्कर बाई म्हणाल्या, "चालेल की. बसा."

निघताना जिन्यात कॅशियर बाईंनी विचारलं, तुमचं कोण? म्हटलं, मुलगी. पुढे बोलायचं नव्हतं, पण का कोण जाणे, पाण्याचं सगळं सांगितलं. आकृतीसकट. वाटलं, आता या बाई दोन पायऱ्या लांब सरकतील. त्या म्हणाल्या, "मी एकदा भावाला बाहेरून कडी घालून सिनेमाला गेले होते. इंटरव्हलला उठून परत आले. अजून त्या सिनेमाचा शेवट कुणाला विचारला नाही."

पुढच्या गुरुवारी टिपण नेणार नाही. तिथली पातळी वेगळी आहे.

२४ फेब्रुवारी, दुपारी

दहा-दहा मिनिटांचं टाइमटेबल केलं होतं. साडेनऊला मोडलं.

टुकी जेवली, अर्धं. मी प्रत्येक घासाचा अर्धा खाऊन दाखवतो, त्यामुळे माझं वजन वाढतंय आणि तिचं नाही. आंघोळीला तीन दिवसांनी तयार झाली. मग भिजलेल्या केसांनी दारात येऊन म्हणाली, आई तेल लावते. तेल लावलं. बहुतेक फार झालं. उशी गेली.

काल टेलर भेटला. म्हणाला, कसं चाललंय? म्हटलं, सगळं कंट्रोलमध्ये आहे. त्याने माझ्या शर्टाचं उलटं लागलेलं बटण सुलटं करून दिलं.

रिटायर होण्याआधी हे सगळं करून ही माझा डबाही वेळेवर द्यायची. कसा देत असेल, त्याचा हिशेब मांडायचा प्रयत्न केला. चोवीस तासांत बसत नाही.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी ७

हिचा फोन आला. मी रिपोर्ट द्यायला सुरुवात केली. औषधं वेळेवर, झोप बरी, खिडक्या तपासल्या. ती म्हणाली, खरं सांगा. म्हटलं, दुपारी जेवली नाही. चिडून ताट ढकललं. मी ओरडलो नाही. म्हणजे एकदाच.

ती म्हणाली, अजून महिनाभर तरी येत नाही. पुढचं मला सांगता येत नाही. रागावलात तरी चालेल.

म्हटलं, छे, रागवायचं काय त्यात.

मग तिने विचारलं, "आणि तुम्ही कसे आहात?"

उत्तर अगदी सोपं होतं. एकतीस वर्षं कुणी विचारलं की मी "उत्तम" म्हणत आलोय. म्हटलं, गॅसवर दूध आहे, ठेवतो. आणि ठेवला.

गॅसवर दूध नव्हतं. ओट्याला टेकून उभा राहिलो. रडलो असं म्हणता येणार नाही. घशातून थोडा आवाज आला. थोडा म्हणजे पाचएक मिनिटं.

टुकी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. ती दिवसातून वीसदा तरी विचारते, हा आवाज खरा आहे का. लिफ्ट, मिक्सर, कुणाचं तरी दार. असेल तर हो म्हणायचं, नसेल तर मला नाही आला म्हणायचं. यात खोटं बोलून चालत नाही. एकदा खोटं बोललं तर तिला धरायला काही उरत नाही. एवढं मी आता शिकलोय.

तिने विचारलं, "कुणी रडतंय का?"

मी पाठमोरा होतो. म्हटलं, नाही.

"मला ऐकू आलं."

म्हटलं, कुणी नाही, टुकी. तुला वाटलं असेल.

तिने दोन्ही कानांवर हात गच्च दाबले आणि खोलीत गेली. दार लोटलं. आतून तिचा आवाज यायला लागला. "गप बस. कुणी नाहीये तिथे. गप बस. गप बस."

तोंडावर पाणी मारून तिच्या दाराशी गेलो. काय बोलायचं ते आधी मनात तीनदा म्हणून बघितलं. तरी वेगळंच बाहेर आलं. म्हटलं, "टुकी, तो आवाज खरा होता. मी होतो."

आत शांत झालं.

"तुम्ही?"

"हो. मी रडत होतो. मघाशी खोटं बोललो."

ती म्हणाली, "बरं."

मी तिथेच दाराबाहेर खाली बसलो. थोड्या वेळाने दाराला आतून चिकटून तिने हळूच विचारलं, "अजून येतोय. हा पण खरा आहे का?"

म्हटलं, "हो. हाही मीच."